साडूंची पिवळी साडी

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी चोर अख्ख्या झाशीत सापडायचा नाही. ते फक्त कचरा चोरतात. जेवायला आले की भाजीची चौकशी नाही, कांद्याची सालं कुठे टाकलीत ते आधी विचारणार. आजाऱ्याला भेटायला डाळिंबं नेतात, सोलून देतात आणि सालं परत आणतात. एका वरातीत नवरदेव उतरल्याबरोबर त्यांनी घोडीच्या गळ्यातली झेंडूची माळ काढून घेतली, तेव्हा घोडीनेसुद्धा वळून पाहिलं. हे सगळं रेशीम रंगवण्यासाठी. निवृत्त झाल्यावर चंदेरीहून कोरं रेशीम आणायचं, सालीफुलांनी रंगवायचं आणि पैठणीच्या पदरावरचे मोर लाकडी ठशांनी त्यावर छापायचे, हा उद्योग त्यांनी मांडला. "मोर विणायला दुसरा जन्म लागेल, छापायला हा पुरे," म्हणायचे. पहिल्या वर्षीचे मोर कोंबडीवर गेले होते, पण आम्ही पडलो नातेवाईक, बोलणार कसे?

एकुलत्या एक मुलीचं लग्न चिरगावच्या बुंदेली घरात ठरलं आणि साडूंनी जाहीर केलं, लग्नातली पिवळी साडी मीच रंगवणार. पोरगी आधीच मराठी कमी बोलते, त्या घरात तेवढंही सुटेल, ही त्यांची खंत. निदान आपल्या हातचे मोर तरी तिच्या अंगावर जावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

पदरावर मेणाने मोर छापून झाले. अख्खी साडी बुडेल एवढं पातेलं घरात नव्हतं, म्हणून हलवायाकडून लोखंडी कढई आणली. डाळिंबाच्या सालीला लोखंड लागलं की रंग काळा पडतो, हे साडू जगाला बजावत फिरायचे. लग्नाच्या गडबडीत स्वतःच विसरले. साडी निघाली काळीभोर, मेणाखालचे मोर तेवढे पांढरे. साडू मटकन खाली बसले. मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, काही बिगडलं नाही. पहिल्या संक्रांतीला काळीच लागते ना? मी हीच नेसणार."

लग्नात ती दुकानातली पिवळी नेसली. पण नव्या सुनेने काळं नेसलेलं चिरगावला खपेल का, या काळजीने साडू पार वाळले. संक्रांतीला हलव्याचे दागिने घेऊन आम्ही गेलो, तर पोरगी तीच साडी नेसून दारात उभी. विहीणबाईंनी पदर हातात घेऊन नीट पाहिला.

"समधीजी, ऐसी एक हमाए लाने सोई बना दइयो."

विहीणबाईंना स्वतःसाठीही अशीच एक हवी होती. निघताना मुलीने त्यांच्या हातात एक फुगलेली पिशवी दिली. लग्नापासून सासरच्या स्वयंपाकघरात तिने साठवलेली कांद्याची सालं होती. ती पिशवी मांडीवर धरून ते बसमध्ये झाशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मीही त्यांची थट्टा केली नाही.