साराची तिरकी अक्षरं

आई गेल्यावर नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत सारा तळकर एकटीच उरली. भाऊ राफेल कधीच इस्रायलला जाऊन स्थायिक झाला होता, त्याच्यामागून बाकीचे नातेवाईकही गेले. आईला परका देश मानवला नसता म्हणून सारा थांबली होती. आता राफेल फोनवर म्हणायचा, ये ना इकडे. ती म्हणायची, बघू. मग दोघंही हवापाण्याबद्दल बोलायचे.

सारा घरीच बसून फॉन्ट बनवायची. पुस्तकांच्या मजकुरासाठी सरळ, सडपातळ अक्षरं, वाचणाऱ्याचं लक्षही जाऊ नये अशी. आजारी माणसाच्या घरात वावरावं तशी ती अक्षरं गुपचूप असायची. पण त्या हिवाळ्यात तिला काहीतरी दांडगं करावंसं वाटलं. जाडजूड, पुढे झुकलेली, पाट्यांवर आणि मथळ्यांवर मोठी लावायची अक्षरं. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना सेरिफ म्हणतात ते छोटे पाय, आणि जोडीला त्याच अंगाची देवनागरी.

काम चिवट निघालं. जाड अक्षर नुसतं कलतं केलं की त्याचं पोट एकीकडे सुजतं आणि ते दुखणाईत दिसतं. म्हणून प्रत्येक वळण नव्यानं काढावं लागे. देवनागरीत तर शिरोरेघ आडवी आणि काने तिरके, त्यामुळे सगळा शब्दच घसरतोय असं वाटायचं. 'ळ'नं तिला महिनाभर छळलं. ती अक्षरं मोठी छापून दाराजवळच्या भिंतीवर चिकटवायची आणि येताजाता बघायची.

ती बघणारं दुसरं माणूस एकच होतं. सुकापूरची गोदूबाई मासळीची पाटी घेऊन दारावर यायची. साराच्या बेने इस्रायली घरात धर्माप्रमाणे खवल्यांचाच मासा चालतो, कोळंबी नाही, हे ती आईच्या वेळेपासून जाणून होती. बोईट साफ करता करता ती घरचं सगळं सांगायची, आणि सारा उंबऱ्याशी बसून ऐकायची. कित्येकदा दिवसभरातलं तिचं तेवढंच बोलणं.

एकदा भिंतीकडे मान करून गोदूबाईनं विचारलं, "ही एवढ्या घाईनं कुठं चाललीत गो बाय?"

"लग्नाला," सारा म्हणाली.

गोदूबाई हसली. मला वाचता येत नाय, पण ही बघायला बरी वाटतात, असं म्हणाली.

फॉन्ट पुरा झाला. सारानं त्याला 'भरती' नाव दिलं आणि परदेशातल्या एका छोट्या कंपनीनं तो विक्रीला ठेवला. माहितीत तिनं लिहिलं, सणासमारंभांसाठी, आनंदाच्या प्रसंगांसाठी. थोड्याच दिवसांत 'भरती' पनवेलभर दिसू लागली. मिठाईच्या दुकानावर, जिमच्या पाटीवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. बहुतेकांनी ती फुकटच उचलली होती. तरी सारा रस्त्यात थांबून बघायची. कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, मग ती चालू लागायची.

पावसाळा संपता संपता गोदूबाई यायची बंद झाली. गावाला गेली असेल, असं सारानं धरलं. तिचा फोन नंबर नव्हता, घर कुठं तेही धड माहीत नव्हतं. शेवटी एका सकाळी ती रिक्षानं सुकापूरला गेली, आणि नाक्यावरच तिला फ्लेक्स दिसला. गोदूबाईचा हसरा फोटो आणि वर जाड, तिरक्या अक्षरांत: भावपूर्ण श्रद्धांजली.

सवयीनं तिची नजर 'ळ' शोधू लागली, तो कुठे नव्हताच. तिनं आधी अक्षरंच वाचली आणि मग अर्थ. खाली नाव होतं, तेही तिच्याच अक्षरांत, धावत सुटल्यासारखं. आपण हे कशासाठी केलं होतं ते आठवून तिला भररस्त्यात रडू आलं.

विचारत विचारत ती घरी पोचली. सून शकू दारातच होती. तिनं आत बसवलं, चहा दिला. "तुमीच का त्या कोळंबी न खाणाऱ्या?" तिनं विचारलं. "तुमचं नाव काढायच्या त्या. एकटी हाय म्हणायच्या."

सारानं मान हलवली. फ्लेक्सवाल्यानं अक्षरं वाढदिवसासारखी टाकली, असं शकू म्हणाली. घाईत कुणी बघितलं नाही, लोक नावं ठेवतात. ती अक्षरं माझी आहेत, हे साराच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या घरात आपलं कौतुक किंवा आपली माफी, कशालाच जागा नव्हती. तिनं विचारलं, "फार त्रास झाला का त्यांना?"

"नाय," शकू म्हणाली. "झोपेतच गेल्या."

पुढच्या आठवड्यात कंपनीची मेल आली. एका मोठ्या चॉकलेटवाल्याला 'भरती' हवी होती, आपल्या सगळ्या डब्यांसाठी. सारा उठून दार उघडून उभी राहिली. जिन्यात कुणी नव्हतं. तिनं राफेलला फोन लावला. तो गाडी चालवत होता. छान झालं, रात्री बोलतो, म्हणाला.

ती परत टेबलाशी बसली. नवी फाइल उघडून तिनं तेच जाड अंग घेतलं आणि अक्षरं सरळ उभी करायला घेतली, कुठंही न निघालेली. पहिलं अक्षर तिनं 'ग' काढलं.