पंखा धरतो तेव्हा

वडील मंगळवारी गेले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी वर्गात होते. खडू टेबलावर ठेवला, मुलींना सांगितलं आणि बाहेर आले. संध्याकाळी आई आणि मी घरी परतलो तेव्हा दारापुढे जीप उभी होती.

आमच्याकडे वडलांना दादा म्हणायची पद्धत. दादांनी उमेदीची सगळी वर्षं कन्नडच्या घाटात प्रवासी जीप चालवली. सकाळी घाट उतरायचे, सीटा भरून पुन्हा चढायचे. पुढे आम्ही शहरात, गारखेड्यात राहायला आलो, मला कॉलेजात नोकरी लागली आणि जीप घरची झाली. पण मला ती आठवते ती सुट्टीतल्या दिवसांची. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेली, मांडीवर पुस्तक.

दादांची शाळा लवकर सुटली होती. अक्षरं त्यांना येत, पण वाचायला वेळ लागे, आणि वेळ लागला की गोष्ट निसटते असं ते म्हणत. म्हणून मी वाचायची आणि ते ऐकायचे. गाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला की एकच शब्द यायचा, ‘वाच.’ मागच्या सीटवरची माणसंही आपोआप गप्प व्हायची. एक म्हातारी तर आपला फाटा आला तरी उतरेना.

‘आजी, उतर आता, तुझा फाटा आला,’ दादा म्हणाले.

‘थांब रं जरा. ती सून घरी आली का नाय, त्ये तर कळू दे.’

‘आली, आली. पुढल्या खेपेला सांगतो.’

‘तू काय सांगतो? पोरीला वाचू दे.’

दादांनी इंजिन बंद केलं. सून घरी येईपर्यंत जीप त्या फाट्यावर उभी राहिली.

घाट चढताना मात्र वाचनात एक खंड पडायचा. चढ तीव्र झाला, एका वळणावर इंजिन चांगलं तापलं की पुढून आवाज उठायचा, उभ्या ज्वारीत वारं शिरावं तसा. दादा म्हणायचे, पंखा धरतोय. ते स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचे आणि मी थांबायची. ज्या शब्दावर थांबले त्यावर माझंही बोट असायचं. बाहेर दरी, खाली धुकट झालेली शेतं आणि सगळीकडे तो वारा. मग आवाज विरत जायचा, बोट खाली यायचं. ‘हं. वाच.’

लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक पुस्तकात अशी एक जागा असते. तिथून वारा जाऊ द्यावा लागतो.

दादा आजारी पडले आणि जीप दारात उभी राहिली ती राहिलीच. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मावशीला येता आलं नव्हतं. तिचं गाव घाटाखाली, आणि तिच्यानं आता प्रवास होत नाही. म्हणून काही दिवसांनी आई आणि मीच तिला भेटायला निघालो. जीप काकांनी चालवली. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. जाताना काही झालं नाही. परतताना चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला आणि अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ आली.

काकांनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. ‘पंखा तर फिरायलाय की! पाणी नवं, रेडिएटर साफ केलेलं. आता हिला काय पाहिजे?’

इंजिन बंद करून आम्ही कठड्यापाशी थांबलो. काका आईला म्हणाले, ‘वहिनी, विकून टाकू हिला. कन्नडला एक जण मागायलाय. फार तर एकदा मिस्त्रीला दाखवू. त्याच्यानंतर घाटात तापली, तर मी तिथूनच तिला कन्नडला नेऊन सोडतो.’

‘मला काय इचारता भावजी,’ आई म्हणाली, ‘तिला इचारा.’

मी मांडीवर घेऊन बसले होते ते पुस्तक अजून हातातच होतं. दादांना मी शेवटी वाचून दाखवत होते तेच. खूण म्हणून त्यांनीच घातलेली पॉलिश पेपरची पट्टी पानांत होती. पुस्तक उघडलं नव्हतं, तरी घाटभर मी कशाची तरी वाट पाहत होते. कशाची, ते तिथं कठड्याशी उभं असताना समजलं. वळण येऊन गेलं होतं आणि वारं आलं नव्हतं.

‘काका, आवाज आला नाही.’

‘कशाचा आवाज?’

‘पंख्याचा. तो इथं गरजतो. आज गरजलाच नाही.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुःखात माणसं काहीबाही बोलतात, असा त्यांचा चेहरा झाला होता.

शहागंजच्या मागच्या गल्लीत दादांचे जुने मिस्त्री आहेत. मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी थंड इंजिनवर पंख्याला बोटानं एक टिचकी दिली. पंखा फिरकीसारखा फिरत राहिला.

‘हौ. क्लच खाली हो गया. खडे खडे तेल निकल गया इसका.’

पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये एक गोल, बंद डबी असते, तोच पंख्याचा क्लच. तिच्यात दाट तेल. इंजिन गार असतं तेव्हा ते तेल एका कप्प्यात पडून राहतं आणि पंखा नुसता संथ फिरतो. रेडिएटरची गरम हवा डबीवरच्या पट्टीला लागली की झडप उघडते, तेल दोन चकत्यांमध्ये येतं आणि इंजिनाचा जोर मिळून पंखा धरतो, गरजतो. आमच्या डबीतलं तेल संपलं होतं. पंखा दिसायला फिरत होता, एवढंच.

‘दो बोल्ट मारके डायरेक्ट कर देतूं,’ मिस्त्री म्हणाले. ‘झंझटच नक्को. हमेशा जोर से घुमेगा.’

‘करून टाक,’ काका म्हणाले.

‘नको,’ मी म्हणाले. ‘डायरेक्ट केला तर आवाज थांबणारच नाही.’

‘आवाज से गाडी थोडी तापती, मॅडम?’

‘मग वाचायचं कधी?’

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि ते हसले. दादांना ते उस्ताद म्हणत. ‘उस्ताद भी यहीच बोलते थे. मैं बोला, गाडी है के मदरसा?’ मग त्यांनी पंखा पुन्हा एकदा बोटानं फिरवून पाहिला. ‘तेल लाके देव. मैंने भरा नहीं कभी. देखेंगे.’

त्या डबीला सिलिकॉनचं दाट तेल लागतं. आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी दुकान सांगितलं, किती दाट हवं तेही त्या दुकानदाराशी बोलल्या. रविवारी दुपारी मी बाटली घेऊन गेले. मिस्त्रींनी पंख्यासकट डबी काढून बाकड्यावर ठेवली होती. पुढची गुंडाळलेली पट्टी सोडवली, तिच्याखालची बारीक पिन उपसली. तिथं एक भोक होतं. त्यातून तेल आत सोडायचं. जास्त झालं तर पंखा सुटणार नाही, कमी पडलं तर धरणार नाही.

सुई काढलेली सिरिंज त्यांनी माझ्या हातात दिली. ‘तुम्हारे हात में जल्दी नहीं है.’

तेल पाण्यासारखं नितळ होतं, पण मधापेक्षाही आळशी. एक थेंब भोकावर येऊन थांबायचा. थांबून थांबून आत उतरायचा. मग खालून हवेचा बुडबुडा वर यायचा, क्षणभर काचेच्या मण्यासारखा चमकायचा आणि फुटायचा. तेव्हाच पुढचा थेंब. काका खुर्चीत पेंगत होते. गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं आणि ते ठोकणं फार लांबून, जणू दुसऱ्या गावातून ऐकू येत होतं. दादाही असंच ऐकायचे. वाक्य संपल्यावर थोडा वेळ जायचा आणि मग ते आत पोचल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं. मी नेहमी त्याची वाट बघून पुढचं वाक्य घ्यायची. त्या दुपारीही मी तेच करत होते. ऊन बाकड्यावरून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, ‘बस.’

डबी बसवून जीप सुरू केली आणि पंखा एकदम गरजला.

काका दचकून जागे झाले. ‘ह्यो तर आत्ताच बोंबलायला लागला!’

‘सबर करो,’ मिस्त्री म्हणाले. ‘रुका हुआ तेल है, फैलने देव.’

थोड्या वेळानं आवाज आपोआप खाली आला. गारखेड्यात आमच्या सगळ्या सकाळी त्या आवाजानं सुरू व्हायच्या, हे मी पार विसरले होते.

पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा मावशीकडे गेलो. परतताना घाटाच्या पायथ्याशी मी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागले.

‘मला नको बाई ऐकवू,’ काका म्हणाले. ‘मला झोप येती.’

मी वाचतच राहिले. चढ सुरू झाला. काका पुन्हा पुन्हा काट्याकडे बघत होते. काटा वर निघाला होता. त्यांनी गिअर बदलला. वळण आलं, जीप वळली, काटा आणखी चढला. आणि मग पुढून तो वारा उठला. मी शब्दावर बोट ठेवून थांबले. सवयीनं स्टिअरिंगकडे पाहिलं. काकांची सगळी बोटं त्याच्याभोवती घट्ट होती. खाली शेतं धुकट दिसत होती. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, पण झोपलेली नव्हती.

आवाज विरत गेला.

‘काटा उतरला,’ काका म्हणाले.

मी आणखी थोडा वेळ थांबले. मग बोट उचललं आणि पुढचा शब्द वाचला.

जीप विकली नाही. सकाळी सुरू केली की पंखा थोडा वेळ गरजतो आणि शांत होतो. पुस्तकाची शेवटची काही पानं राहिली आहेत.