भाड्याच्या खोलीतलं रडणं

वडील परभणीत कारकून झाले आणि आम्ही ताडकळसहून शहरात आलो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही बौद्ध, त्यामुळे खोली मिळता मिळेना. शेवटी गावावरून घेतलेलं आडनाव आणि वडिलांची पुस्तकी मराठी कामी आली. सोवळ्याओवळ्यातल्या मालकिणीने जात विचारली नाही, वडिलांनी सांगितली नाही.

वडील टांगेवाल्याशी दखनी उर्दूत खदखदून हसत, मालकिणीशी धड्यासारखं बोलत, आणि दार लावलं की गावच्या बोलीवर येत. आईकडूनही त्यांनी 'आहे', 'नाही' घोटून घेतलं. तिची जीभ काही वळेना, म्हणून ती मुकीच राहू लागली. मालकीण तिला गरीब गाय म्हणायची. त्या कौतुकाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी दुपारी आईचा चुलतभाऊ आला. आमच्याकडे मयताची खबर आणणारा उंबरा ओलांडत नाही, पाणीही घेत नाही. तो दारातच थांबला तेव्हाच आई काय ते समजली.

"बाई, माय गेली," तो हळूच म्हणाला.

आमच्या बायका हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचं सगळं आयुष्य सांगत. ते रडणं गावच्या बोलीतच असतं, आणि ते कानावर पडलं की जात विचारावी लागत नाही. आईने तोंड उघडलं. ओसरीवर वाती वळणाऱ्या मालकिणीने मान वर केली. मामाला बाहेरच ठेवून वडिलांनी दार लोटलं.

"इथं नगं. गावात गेल्यावर रड."

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. वडील ओसरीवर गेले आणि "सासूबाई वारल्या" असं स्वच्छ मराठीत सांगून आले. मला त्यांचा भयंकर राग आला. खोली गेली असती तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं, हे कळत होतं. तरी तो राग अजून पुरता गेलेला नाही. निघताना मालकिणीने आईच्या धीराची तारीफ केली.

गावात आजीभोवती बायकांचा आकांत चालला होता. आईला पाहून त्या सरकल्या आणि गप्प झाल्या, कारण आता नुकत्याच पोचलेल्या लेकीने हेल धरायचा होता. आई आजीच्या पायाशी बसली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. मग मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रड की गं बाई. हितं कोण ऐकायलंय?"

आईने आधी दाराकडे पाहिलं.