आयरिश स्थळाची चौकशी

कुवेतला अबू हलीफात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आयरिश मुलगी राहते. वय अठ्ठावीस, इथल्या शाळेत शिकवते आणि साबुदाण्याच्या खिचडीसाठी माझ्यापेक्षा जास्त भक्तीने संकष्टीची वाट बघते. गेल्या हिवाळ्यात ती एकदा रडवेली होऊन दारात उभी राहिली. तिकडे आयर्लंडात, गावाकडे तिची आजी अंथरुणाला खिळली होती. आजीचा थोरला भाऊ अठराव्या वर्षी इंग्लंडला बांधकामावर गेला. काही वर्षं दर महिन्याला त्याची पत्रं आली, मग एकदम बंद. तो आपल्याला विसरला की आपल्यावर रागावला, एवढं मरण्याआधी कळावं, असं आजीचं म्हणणं होतं.

नातीने बिचारीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? वंशावळीच्या वेबसाइटना वर्गणी भरली, डीएनए तपासणीसाठी नळीत थुंकून पाठवलं, जुन्या याद्या वाचवाचून डोळे फोडून घेतले. शेवटी हाती लागला त्याच्या मृत्यूचा दाखला आणि त्यावरचा पत्ता. म्हणाली, आता संपलं.

"अगं, संपलं कसलं? पत्ता मिळाला म्हणजे स्थळ मिळालं," मी म्हटलं.

स्थळ म्हणजे काय, हे तिला समजावण्यात दोन कप चहा गेला. आमच्या घरात पाच लग्नं माझ्या चौकशीवर जमलीत आणि एक मोडलंय. ज्या नणंदेचं मोडलं, ती मला अजून दुवा देते. मुलाच्या घरी पोहे खाऊन काही म्हणजे काही कळत नाही. कागदावर सगळेच निर्व्यसनी. खरं काय ते खालच्या वाण्याला ठाऊक असतं, नाहीतर शेजारच्या काकूंना.

तिकडे वाणी कुठला आणायचा? पण त्या पत्त्याजवळ एक चर्च सापडलं. रविवारी प्रार्थनेनंतर तिथे चहा असतो, असं तीच बोलून गेली. चहा आहे म्हणजे तो करणारी बाई असणारच! फादर बदलून जातात, बायका राहतात. तेव्हा फादरना सोड आणि त्या बाईला फोनवर बोलव, असं मी बजावलं. आमच्याकडे रविवार कामाचा, पण ही शाळेतून अडीचला परत येते तेव्हा तिकडे चहाच चालू असतो. चहावाल्या बाईंनी विचारून ठेवते म्हणून सांगितलं, आणि पुढच्या रविवारी फोनवर ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई आल्या. ज्या घरी हिच्या आजीचा भाऊ खोली घेऊन राहायचा, त्या घराच्या मालकिणीची ही मुलगी. मला आनंदाने काही सुचेना. नेमका तेव्हाच अहमदीच्या ऑफिसातून नवऱ्याचा फोन, डब्यात चटणी का नाही म्हणून. मी तो कापला.

आणि शेजारणीच्या हातून तिचा फोन ओढूनच घेतला. सवयच ती! उंची किती, नोकरी टिकायची का, लग्न केलं होतं का, पिणं किती, सगळं विचारून घेतलं. शेजारीण लाजून लालबुंद झाली, पण आजीबाई भलत्याच खुलल्या. उंची सहा फूट, शनिवारी दोन ग्लास, लग्न नाही, रविवारी घरातल्या सगळ्यांच्या बुटांना पॉलिश. मी तर त्याला मनातल्या मनात पसंत करून टाकलं.

मग शेजारणीने हळूच विचारलं, पत्रं का थांबली?

त्याला लिहिता येत नव्हतं, आजीबाई म्हणाल्या. पत्रं त्यांची आई लिहून द्यायची. आई गेल्यावर आपण लिहितो, असं त्यांनी सांगून पाहिलं, पण तो ऐकेना. अक्षर बदललं की बहिणीला कळेल, आणि तिला तर भाऊ इंग्लंडात जाऊन लिहायला शिकला असं वाटतं. शेवटपर्यंत रोज प्रार्थनेत मात्र तो तिचं नाव घ्यायचा.

फोन ठेवला आणि आम्ही दोघी चक्क नाचलो. विसरला नव्हता, रागावला नव्हता! मी तिच्या हातावर साखर ठेवली, माझ्या पोरांच्या हातावर ठेवली, आमच्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, खाली जाऊन दिली. मग गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. आजी उशीला टेकून बसली होती. नात भराभर सांगत होती आणि मी मागे उभी राहून शाबासकीची वाट बघत होते.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"गाढव कुठला," ती म्हणाली. "शाळेत त्याची वही मीच लिहून द्यायचे. मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं."