मोकळ्या जागेचा फोटो

मंडळी, थोरल्या बहिणीच्या बांधकाम परवान्यासाठी आज पुन्हा तिच्यासोबत नगरपालिकेत गेलो होतो.

मागच्या खेपेला क्लार्क म्हणाले होते, "नकाशात जागा मोकळी हाय अन् फोटोत पत्र्याचं घर दिसायलंय. मोकळ्या जागेचा फोटो आणा." अक्कानं राहतं घर उतरवलं. तेव्हापासून ती शेळ्यांसकट ताडपत्रीखाली राहते.

आज त्याच क्लार्कनी नवा फोटो पाहिला. "जुनं घर पाडायची परवानगी कुठंय?"

"तुमीच तर पाडायला लावलं, साहेब."

"मी निस्तं फोटो आणा म्हणलो, बाई."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "चल रे, पत्रे परत ठोकू. परवाना मिळंपर्यंत डोक्यावर तर राहतील."

त्यालाही आता परवानगी लागेल, हे मला तिला सांगवलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?