पाठ न लागता हरलेली कुस्ती

आमच्याकडे कुस्तीत हरणं म्हणजे पाठ लागणं. दोन्ही खांदे मातीला टेकले की हलगी थांबते आणि हरलेला पैलवान खाली मान घालून आपले कपडे शोधायला लागतो. त्याआधी काय वाट्टेल ते होवो, तुम्ही हरलेले नसता. वस्तादांनी मला पहिली विद्या शिकवली ती हीच. समोरचा भारी निघाला की पोटावर पडायचं, कोपरं आणि गुडघे मातीत रोवायचे आणि पडून राहायचं. मला उलथवताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. आष्टीपासून टेंभुर्णीपर्यंतच्या जत्रांमध्ये माझ्या कितीतरी कुस्त्या अशा बरोबरीत सुटल्या आणि मी फेटा बांधून ऐटीत घरी आलो.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुस्ती फार आवडायची, पण दुसऱ्याच्या पोराची. आपलं पोर शेतात हवं. तेव्हा जालना जिल्हा नवा होता आणि राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ आता जालन्यातच निवडायचे. त्यावरून आबांनी मला एक दिवस सरळ सांगितलं, "यंदा संघात निघाला तर तालीम चालू. न्हाई निघाला तर लंगोट खुंटीला, अन् मंग औत तुझं." पहाटेची ती गार माती, तिला घातलेल्या ताक-हळदीचा वास, जोर मारून थरथरणारे दंड, याच्यापलीकडे मला जगात काहीही नको होतं. शेताशी माझं वैर नव्हतं, पण जीव तालमीत होता.

निवडीला गेलो तर तिथे मातीच नाही. एका मोठ्या खोलीत मॅट अंथरलेली. वस्तादांनी कुणाकडून तरी बूट मागून आणले होते, ते मी मॅटच्या कडेला काढून ठेवले, कारण आखाड्यात पायताण घालून जाणं मला पाप वाटत होतं. पंचाने डाफरून ते परत घालायला लावले. सवयीने वाकलो, चिमूटभर माती कपाळाला लावायला हात टेकवला, तर हाताला नुसतं रबर लागलं. समोर मोंढ्यातल्या एका मारवाडी धान्य-व्यापाऱ्याचा मुलगा उभा होता. गोरापान, गुबगुबीत गालांचा. याचं पोट तूप-बदामाने भरलेलं दिसतंय, असं मी मनात म्हटलं आणि हसलो.

शिट्टी झाली आणि त्या गालवाल्याने माझा एक पाय असा ओढला की मी धाडकन पोटावर. काही हरकत नाही. कोपरं रोवली, गुडघे रोवले, पडून राहिलो. पंच उठवायचा, तो पुन्हा पाडायचा, मी पुन्हा पडून राहायचो. तो माझ्या पाठीवर बसून धापा टाकत होता आणि मला त्याची दया येत होती. वेळ संपली. मी छाती काढून उभा राहिलो, वस्तादांकडे बघून दंड थोपटला, आणि पंचाने त्या पोराचा हात वर केला.

माझं डोकं फिरलं. "पाठ कुठं लागली? दाखवा!" म्हणत मी पंचासमोर पाठ करून उभा राहिलो, बघा कुठे मातीचा एक कण तरी आहे का. सगळी खोली हसली. मॅटवर पाठीला माती लागणार कशी? मॅटवर खाली पाडल्याचे गुण मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. वस्तादांनाही तेव्हाच कळलं. ते बिचारे टोपी काढून डोकं खाजवत बसले.

बाहेर नळावर मी तोंड धूत होतो, तेव्हा तो मुलगा आला. मला वाटलं, आता टोमणा मारतो. तो म्हणाला, "पैलवान, तुमची पाठ लावणं मला बिलकुल जमलं न्हाई. आमच्या गोदामात एक जुनी मॅट हाय. तुम्ही मला हे पडून राहणं शिकवा, मी तुम्हाला गुण घेणं शिकवतो." मी म्हटलं, "शेठ, माझी तालीम आज संपली."

पण वस्ताद माझ्यासोबत घरी आले. आबा ओट्यावर वाटच बघत होते. वस्ताद शांतपणे म्हणाले, "संघात निघाला न्हाई. पण पाठ लागली न्हाई पोराची. देवाशपथ." आबा विचारात पडले. पाठ लागली नाही तर पोराला हरलेला कसं म्हणायचं? बरीच तंबाखू मळून झाल्यावर ते म्हणाले, "बराबर हाय. मंग अजून एक साल बघू."

ते साल मी गोदामात काढलं. धान्याच्या पोत्यांमध्ये मॅट, वर पत्रा, आणि शेठच्या आईने वाढलेल्या तुपाच्या पोळ्या. तो मला ढकलून ढकलून उभं राहायला शिकवायचा. "पैलवान, झोपून राह्यले की गुण गेले. पुढं या." सगळं आयुष्य पडून राहण्यात घातलेल्या माणसाला आधी पुढे जायला शिकणं किती अवघड, ते माझं मला माहीत. माझ्या कुस्तीत पुढे जे काही चांगलं झालं, ते त्या पोत्यांमधल्या सालावर उभं आहे.

पुढच्या निवडीला आबा स्वतः आले, पहिल्यांदाच. मी मागच्या पायावर थांबलो नाही. समोर दुसराच पैलवान होता; त्याचे पाय ओढले, पाडलं, गुण घेतले, पुन्हा पाडलं. तोही घट्ट होता, पोटावर पडून राहिला, उलथला नाही. वेळ संपली आणि पंचाने माझा हात वर केला. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

आबा मात्र गोंधळून माझ्याकडे आले. "त्याची पाठ तर लागलीच न्हाई."

"मॅटवर पाठ लागली न्हाई तरी चालतं, आबा. खाली पाडलं की गुण मिळतात."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग वस्तादांकडे. वस्ताद एकदम छताचा पत्रा निरखायला लागले.

"म्हंजे गेल्या साली तू हरल्ता?"

"हो."

आबा खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या मानेवरचा घाम पुसायला लागले.

"बरं झालं," ते म्हणाले, "तव्हा मला कळलं न्हाई."