फोटोपुरते हातमोजे

"हातमोजे काढ. जपून. फाटतील."

फोटो काढून एक मिनिटही झालं नसेल. मी गुडघ्यांवर बसले होते. समोर सिमेंटवर कोरा चहा सांडलेला. तेल सांडलं तर काय करायचं याची तालीम होती, आणि डिझेल वाया घालवायचं नाही म्हणून चहा ओतला होता. पांढऱ्याशुभ्र कापडाने मी तो टिपत होते. साहेब मोबाईल आडवा धरून सांगत होते, "अजून वाक. चेहरा नको, हात दिसू देत."

मी हातमोजे काढून दिले. साहेबांनी ते उलटे केले, नाकाजवळ नेले आणि मान झटकली.

"पावडर टाका रे यात. यांच्या अंगाचा वास जाता जात नाही."

सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा ते माझं हसू मला जास्त छळतं.

हातमोजे आणि ती कापडं पिवळ्या पेटीत गेली. पेटीला कुलूप. किल्ली साहेबांच्या टेबलात. मग माझ्यापुढे एक इंग्रजी कागद आला. "प्रशिक्षण घेतलं म्हणून सही कर." मी दहावी शिकलेली बाई. वाचते कशाला, उशीर होईल म्हणून सही केली.

मिरजगावच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या डांबराच्या प्लांटवर मी कामाला होते. आई-बापाचा जन्म ऊसतोडीत गेला. माझ्या हातात कोयता येऊ नये म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि माझ्या हातात पोतं आलं. गळलेलं डिझेल पोत्याने पुसायचं, भुसा टाकायचा, तो उचलायचा. उघड्या हातांनी. नखांच्या कडा कायम काळ्या.

ऑफिसात पाण्याचा फिल्टर होता. त्याला मी हात लावायचा नाही. "तुझ्या हाताला डिझेल असतं." डंपरवाल्यांच्या हाताला काय अत्तर होतं? ते खुशाल प्यायचे. आमची घरं गावाच्या कोणत्या अंगाला आहेत, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. वास कशाचा येतो ते मला तेव्हाच कळलं.

म्हणून मी तारेच्या कुंपणापलीकडे पाणी प्यायला जायचे. तिथे एक मावशी राहायची, चार शेळ्या आणि एक विहीर घेऊन. तिने माझ्या ओंजळीत कधी वरून पाणी ओतलं नाही. तांब्या सरळ हातात द्यायची. आमच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल तांब्या हातात देणं म्हणजे काय.

आणि मी त्याच विहिरीत डिझेल घातलं.

असं कुणी मुद्दाम करतं का? मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच.

डिझेलच्या टाकीभोवती गुडघाभर उंचीची भिंत असते. टाकी गळली तर तेल आतच अडावं म्हणून. भिंतीच्या बुडाशी एक तोटी. तालमीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला, भिंतीच्या आत पाणी तुंबलं. साहेब म्हणाले, "फोटोत कोरडं दिसलं पाहिजे." मी तोटी उघडली. पाणी गेलं. तोटी परत बंद करायची असते हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं की "तुला काय करायचंय" असं ऐकावं लागायचं, म्हणून विचारायचंच सोडून दिलं होतं.

आठ दिवसांनी भरदुपारी टाकीचा पाइप फुटला. भिंतीच्या आत सांडलेलं डिझेल त्या उघड्या तोटीतून बाहेर पडलं आणि पावसाचं पाणी जायच्या चारीने थेट मावशीच्या विहिरीकडे निघालं. मी तोटी बंद केली तोवर चारी चकाकत होती. मी ऑफिसात पळाले.

"पेटी उघडा साहेब. लई सांडलंय. हिरीकडं चाललंय."

"ती पेटी ऑडिटची आहे. माती टाक."

"पर हिरीत..."

"माती टाक म्हटलं ना!"

मी माती टाकली. घमेल्यामागून घमेलं, चारीच्या तोंडापासून विहिरीच्या काठापर्यंत. वरून सगळं कोरडं दिसायला लागलं. साहेब येऊन बघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "कुठे बोललीस तर बघ. तोटी तू उघडलीस. प्रशिक्षण घेतल्याची सही तुझी आहे."

दोन दिवसांनी मी पाणी प्यायला गेले. मावशीने तांब्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"पान्याला कसला वास येतोय का गं? तू डिझेलात राबतीस, तुला कळंल. बघ बरं."

तांब्या ओठांशी नेला आणि वास आला. चांगलाच आला.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "चांगलं हाय." आणि तिला खरं वाटावं म्हणून सगळा तांब्या एका दमात प्यायले.

नोकरी जाईल म्हणून. सही माझी आहे म्हणून. आणखी कितीतरी म्हणून आहेत, पण एकही तिच्यापुढे सांगण्याच्या लायकीचा नाही.

महिनाही झाला नाही. शेळ्यांनी चारा सोडला. गाभण होती ती गाभडली. मेलेलं पिल्लू मावशी पाटीत घालून पुरायला नेत होती, ते मी कुंपणाच्या अलीकडून बघितलं. हातातलं पोतं टाकलं आणि तार ओलांडून गेले. सगळं सांगितलं. तोटी, चारी, माती.

तिने पाटी खाली ठेवली. ओरडली नाही.

"मला त्याच दिशी वास आला हुता," ती म्हणाली. "तू न्हाई म्हनलीस, म्हनून पाजलं शेरडांना. मीबी प्याले."

मग ती घरात गेली. ओट्यावरचा तो तांब्या तिने जाताना पालथा घातला. साहेबांनी माझा वास काढला तेव्हा मी हसले होते. तो पालथा तांब्या बघून मात्र मला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात ऑडिटवाले आले. दोघे जण, हातात फायली. पिवळी पेटी उघडली. चहा ओतला. साहेबांनी हातमोजे माझ्या हातात दिले. "घाल. बस खाली."

मी घातले. बसले नाही. फावडं उचललं आणि चारीकडे चालायला लागले. मागून साहेबांच्या हाका. ते दोघेही मागे आले, गंमत वाटली असावी. मी वरची माती ओढली. खालची काळी, ओलसर माती ओंजळीत घेतली आणि त्यांच्या नाकापुढे धरली.

"ह्यो चहा न्हाई सायेब. वास घ्या."

दोघेही मागे सरकले. साहेबांचा चेहरा पडला. दात-ओठ खात म्हणाले, "हातमोजे काढ."

"न्हाई काढनार."

दुसऱ्या दिवशी गेटवर मला अडवलं. अडवणारच होते.

कर्जतच्या तहसीलात मी अर्ज दिला आहे. पहिल्यांदा लिहिला तेव्हा सुरुवात साहेबांपासून केली होती. तो फाडला. दुसऱ्या अर्जाची पहिली ओळ माझी आहे. तोटी मी उघडी ठेवली, माती मी टाकली, पाण्याला वास नाही असं खोटं मी बोलले. माती टाक कुणी म्हटलं आणि पेटीची किल्ली कुणी दिली नाही, ते त्याखाली आहे. अर्ज दोनदा वाचला, मग सही केली.

मावशी माझ्याशी बोलत नाही. मी माफी मागायला गेले नाही, इतक्यात जाणारही नाही. माफीने विहीर उपसली जात नाही. ती तळापर्यंत उपसून घेतल्याशिवाय मी साहेबांना सोडणार नाही, आणि स्वतःलाही नाही.

हातमोजे माझ्याकडेच आहेत. परत हवे असतील तर साहेबांनी विहिरीवर यावं. खाली उतरताना लागतील, त्यांना आणि मला.